सगळ्या जोडण्या एकाच दिवशी नकोत

संपादक महोदय,

भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातील अनेक लहान कारखाने खरेदी, स्टोअर, डिस्पॅच आणि हिशेब यांची वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून घेत आहेत. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवरील उद्योगांनाही लागू झाली. तेव्हापासून बिल, मालवाहतुकीसाठीचे ई-वे बिल आणि जीएसटीचे विवरणपत्र यांत तफावत राहून चालत नाही. त्यामुळे जोडणी हवीच. माझा आक्षेप आहे तो सर्व जोडण्या एकाच दिवशी, आणि तोही १ एप्रिलला, सुरू करण्याच्या आग्रहाला.

मार्चअखेरचा साठा मोजायचा, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी ११ एप्रिलपर्यंत विक्रीच्या तपशिलाचे जीएसटीआर-१ आणि २० एप्रिलपर्यंत कर भरण्याचे जीएसटीआर-३बी भरायचे, ही कामे लहान कारखान्यात ज्या दोन-तीन माणसांवर असतात, त्यांनीच नव्या जोडणीतून येणारी प्रत्येक नोंद तपासावी, अशी अपेक्षा असते. ती पुरी होणे शक्य नाही.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो जॉबवर्कच्या, म्हणजे प्रक्रियेसाठी बाहेर पाठवलेल्या, मालात. हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला गेलेला माल विकलेला नसतो. तो चलनावर, म्हणजे बिलाऐवजी माल पाठवल्याच्या कागदावर, जातो, त्याची मालकी आपलीच राहते आणि कायद्याप्रमाणे तो सर्वसाधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो. जोडणी बसवताना हा फरक नोंदवला गेला नाही, तर चलनाचे बिल होते आणि न झालेली विक्री हिशेबात चढते. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर ते बिल २४ तासांच्या आतच रद्द करता येते. त्यानंतर क्रेडिट नोट काढून बिलाची रक्कम वळती करण्याचा खटाटोप करावा लागतो. तीच गत आयटम मास्टरची, म्हणजे सॉफ्टवेअरमधील वस्तूंच्या मूळ यादीची. एकच बोल्ट स्टोअर नगावर मोजते आणि खरेदी विभाग किलोवर मागवतो, हे स्टोअरकीपरला पाठ असते, पण जोडणी ठरवण्याच्या बैठकीला त्याला कोणी बोलावत नाही, याचे मला फार वाईट वाटते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहनांच्या सुट्या भागांवरील २८ टक्के जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा कराचा दर नेमका कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बदलायचा, हे आधी लिहून ठेवलेले असणे किती आवश्यक आहे, तेही दिसून आले.

म्हणून आधी आयटम मास्टर आणि पार्टी मास्टर (ग्राहक-पुरवठादारांची मूळ यादी) स्वच्छ करावेत, मग खरेदी ते स्टोअर एवढीच जोडणी सुरू करून महिनाभर जुनी पद्धतही सोबत चालवावी, आणि दोन्हींचा मेळ बसल्यावरच बिलांना हात घालावा. बँकेची जोडणी सर्वांत शेवटी.

मराठा चेंबरसारख्या उद्योजकांच्या संस्थांनी लहान उद्योगांसाठी, जोडणी करून देणाऱ्या कंपनीशी करायच्या कराराचा एक नमुना तयार करावा, अशी माझी विनंती आहे. न जुळलेल्या नोंदींची यादी रोज मिळेल आणि करार संपल्यावर उद्योगाचा सर्व डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत दिला जाईल, ही दोन कलमे त्यात असलीच पाहिजेत.

– एक हिशेबनीस, भोसरी, पुणे