स्प्रिंगपॉटच्या टिपणाबद्दल जाहीर आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार. रबर आणि जेलच्या फ्रॅक्शनल मॉडेलबद्दल (ज्यात डेरिव्हेटिव्हचा क्रम अपूर्णांक असतो; त्यातला मूळ घटक स्प्रिंगपॉट, स्प्रिंग आणि घट्ट द्रव यांच्या मधला) तुम्ही लिहून दिलेलं टिपण आमच्या गटात रोज वापरात आहे. आभार खाजगीतही मानता आले असते. पण या कामात पडलेल्या इतरांनाही त्यातलं काही उपयोगी पडावं, म्हणून हे उघड पत्र.

सर्वात आधी आभार ‘समीकरणाला हात लावण्यापूर्वी क्रीपचा (स्थिर भाराखाली पदार्थ हळूहळू ताणला जाण्याचा) डेटा लॉग-लॉग आलेखावर काढा’ या सूचनेबद्दल. रेषा सरळ आली तर तिचा चढ हाच अल्फा, म्हणजे डेरिव्हेटिव्हचा तो अपूर्णांक क्रम. वाकली तर एकटा स्प्रिंगपॉट पुरणार नाही, हे तिथेच कळतं. पडताळाही तुम्हीच दिलात: ऑसिलेशन चाचणीत लॉस टॅन्जंट (वाया जाणाऱ्या आणि साठणाऱ्या ऊर्जेचं गुणोत्तर) फ्रीक्वेन्सी बदलली तरी हलता कामा नये. अल्फा ०.५ असेल तर तो १, आणि ०.३ असेल तर सुमारे ०.५१. दोन्हीकडचा अल्फा जुळला नाही, तर मॉडेलला दोष देण्याआधी चाचणी तपासायची. अँप्लिट्यूड लिनिअर मर्यादेत होती का? क्रीपच्या सुरुवातीला यंत्राच्या इनर्शियाची थरथर तर फिटमध्ये शिरली नाही? रिलॅक्सेशनमध्येही (स्ट्रेन, म्हणजे ताणल्याचं प्रमाण, स्थिर धरून स्ट्रेस कसा उतरतो ते पाहण्याच्या चाचणीत) स्ट्रेन एका क्षणात लागत नाही, म्हणून रॅम्पच्या (स्ट्रेन चढवण्याच्या) वेळेच्या साधारण दहापटीपर्यंतचे बिंदू सोडून द्यायचे.

एककांबद्दलचा परिच्छेद छोटा, पण फार कामाचा. स्प्रिंगपॉटच्या स्थिरांकाचं एकक पास्कल गुणिले सेकंदाचा अल्फा घात. तेव्हा वेगवेगळ्या अल्फाच्या दोन नमुन्यांचे स्थिरांक शेजारी मांडून ‘हा जास्त कडक’ म्हणण्यात अर्थ नाही. तुलना करायची तर एकाच फ्रीक्वेन्सीवरच्या मोड्युलसची, म्हणजे कडकपणाच्या मापाची. त्या स्थिरांकाची मोड्युलस आणि टाऊ (एक वेळ) अशी फोड केली, तर सॉफ्टवेअर दोन आकडे देतं खरं, पण सुरुवातीचा अंदाज बदलला की तेही बदलतात.

खरी मेहनत वाचली ती ग्रुनवाल्ड-लेटनिकोव्हच्या वजनांत. फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्ह संगणकावर काढताना मागच्या प्रत्येक पावलाच्या किमतीला ही वजनं लावतात. पहिलं वजन १. पुढचं प्रत्येक वजन म्हणजे आधीचं गुणिले (१ − (अल्फा + १) ÷ क्रमांक). अल्फा ०.५ साठी −०.५, −०.१२५, −०.०६२५, −०.०३९०६२५ असं चालतं. हीच वजनं फॅक्टोरियलने काढायला गेलं, तर क्रमांक १७१ ला डबल प्रिसिजन ओव्हरफ्लो होतो. आणि वेळ वाचवायला जुना इतिहास कापला तर काय होतं, हे तुम्ही नेमकं दाखवलंत. स्ट्रेन स्थिर धरली की उरलेल्या वजनांची बेरीज बदलायची थांबते, म्हणून स्ट्रेसही तिथेच गोठतो. पदार्थ अचानक निव्वळ इलॅस्टिक झाल्यासारखा दिसतो. आलेख इतका गुळगुळीत येतो की शंकाही येत नाही! अल्फा ०.५ असताना १०० पावलांनंतरही ती बेरीज सुमारे ०.०५६ उरलेली असते, ती शून्य धरता येत नाही. पूर्ण इतिहास ठेवला तर पावलं दुप्पट केल्यावर काम चौपट होतं, ती किंमत मोजावीच लागते.

फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्हची व्याख्या कपुतोंची (१९६७) घ्या, हा सल्लाही मोलाचा. तिच्यात स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य येतं. रीमान-ल्यूव्हिल या दुसऱ्या व्याख्येत तसं होत नाही.

फ्रॅक्शनल झीनरमध्ये (दोन स्प्रिंग आणि एक स्प्रिंगपॉट असलेल्या मॉडेलमध्ये) समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच अल्फा ठेवायचा. दोन्हीकडचे अल्फा वेगवेगळे सोडले तर फिट सुंदर बसतो आणि एखाद्या फ्रीक्वेन्सीला लॉस मोड्युलस ऋण निघू शकतो, म्हणजे पदार्थ ऊर्जा निर्माण करतो असं अशक्य उत्तर येतं. या मॉडेलच्या उत्तरात येणाऱ्या मिटाग-लेफ्लर फंक्शनची मालिकाही मोठ्या ऋण संख्येला वापरायची नाही. प्रचंड पदं एकमेकांना छेदतात आणि उत्तरात कचरा उरतो. तिथे असिम्प्टॉटिक (मोठ्या संख्यांसाठीचं अंदाजी) सूत्रच हवं.

एका बाबतीत मात्र आमचं मत थोडं वेगळं आहे. डेटा वेळेच्या किंवा फ्रीक्वेन्सीच्या दोन-तीन डेकेडचाच (दहापटीच्या टप्प्यांचाच) असेल आणि काम फायनाइट एलिमेंटमध्ये करायचं असेल, तर आम्ही अजूनही प्रोनी सीरीजच (साध्या एक्स्पोनेन्शियल पदांची बेरीज) घेऊ. ती पॅकेजमध्ये तयार मिळते, इतिहास साठवावा लागत नाही. आठ-दहा डेकेडवर मात्र जवळपास दर डेकेडला एक मॅक्सवेल फांदी (प्रोनीचं एक पद) लागते, आणि तिथे झीनरचे चार पॅरामीटर सहज बाजी मारतात.

टिपणाची प्रत नव्याने येणाऱ्यांना द्यायची आहे. तुमची हरकत नसेल तर कळवा, वजनांचा तक्ता शेवटी जोडू.

आपले,
मटेरियल मॉडेलिंग गटातले सर्वजण