शंभूच्या सीटचा पट्टा

कोल्हापूर

चि. सौ. मेघास,
आबांचे अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. त्यावरून काय ते समजलो. राग असू दे. फोनवर बोलायला लागलो की तू 'हो आबा, हो आबा' करतेस आणि फोन आईकडं जातो, म्हणून हे लिहायला बसलोय. गाडीत बसताना जे झालं ते उकरून काढायचं नाही. पट्ट्याचा विषयही काढणार नव्हतो, पण राहून राहून तोच डोळ्यापुढं येतोय, तर एकदा लिहून मोकळा होतो.

गाडीत पोरासाठी वेगळी सीट बसवलीय ना, तिच्यात शंभूच्या डाव्या बाजूचा पट्टा पिळलेला होता. बकलात घालायची ती लोखंडी जीभ असते ना, तिच्या अगदी वर. लांबून बघणाऱ्याला सुरकुती वाटावी एवढाच. तू म्हणालीस, 'घट्ट बसलाय, मी बघतो की आबा, सोडा आता.' अगं, घट्ट लागतो तीच तर त्यातली गोम आहे. पिळलेला पट्टा खाचेतनं नीट सरकत नाही. पुढची पट्टी तू कितीही ओढ, तो मध्येच अडकतो. तुझ्या हाताला घट्ट लागतो आणि पोराच्या खांद्यावर ढिलाच राहतो. गळ्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघायचा, उभी घडी पकडता आली तर अजून ओढायला पाहिजे. पण ही परीक्षासुद्धा पट्टा सपाट असला तरच खरी.

आणि तो पट्टा दीडेक इंच रुंद का ठेवलाय? ब्रेक लागला की पोराचा सगळा भार त्या रुंदीवर पसरावा म्हणून. पीळ पडला की तिथं रुंदी उरत नाही, जोर एका रेघेवर येतो. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. किणीचा टोल सोडला की तू 80 वर थांबत नाहीस, हे मला कुणी सांगायला नको.

मी उद्यमनगरातल्या कारखान्यात उमेदवारीला लागलो तेव्हा वर एकच लांब शाफ्ट होता आणि त्यावरनं प्रत्येक लेथला चामडी पट्टा खाली यायचा. चाक उलटं फिरवायचं असलं तर मुद्दाम पीळ देऊन पट्टा चढवायचे. पण नको तिथं पीळ पडला तर पट्ट्याच्या कडा जायच्या, कधी पट्टाच निसटून पडायचा. आमचे मिस्त्री नुसत्या आवाजावरनं ओळखायचे. म्हणून पट्टा म्हटला की माझा हात आपोआप पुढं जातो. तुझ्यावर विश्वास नाही असं नव्हे.

हे झालं कसं तेही आईला विचारलं. दिवाळीत शंभूनं दूध सांडलं, कव्हर धुवायला निघालं आणि प्रशांतरावांनी परत चढवलं. त्यांना काही बोलू नकोस. पट्टे बादलीत बुडवले नाहीत ना, एवढं मात्र विचार. ते ओल्या फडक्यानं, साध्या साबणानं पुसायचे आणि हवेवर वाळू द्यायचे. मशीनमध्ये नको आणि सपाट व्हावेत म्हणून इस्त्री तर अजिबात नको, धाग्याची ताकद जाते.

आता काढायचा कसा. जिभेजवळचा पीळ असला तर सीट उघडायला लागत नाही. पोराला घाईनं काढताना हात पट्ट्यात अडकतो, जीभ पालथी होते आणि पुढच्या खेपेला तशीच बकलात बसते. आधी पट्टा भरपूर ढिला कर. जिभेच्या वर तो सपाट धर, आडवी घडी घाल आणि ती घडी जिभेच्या खाचेतनं सरकव. जाड होतं, सहज जात नाही, एक कड आधी घालून मग दुसरी अंगठ्याच्या नखानं ढकलावी लागते. जीभ घडीवरनं पार झाली की पीळ आपोआप सुटतो. तेवढ्यानं नाही गेला तर तो मागं आहे. सीटच्या पाठीमागं दोन्ही पट्ट्यांची टोकं एका लोखंडी पट्टीत अडकवलेली असतात. ती सोडवायची, पट्टे सरळ करायचे, दोन्ही एकाच उंचीच्या खाचांतनं घालून परत पूर्ण अडकवायचे. हे काम सीटबरोबर आलेली पुस्तिका समोर ठेवूनच कर, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. शंभू आता पुढं तोंड करून बसतो, तेव्हा खाच त्याच्या खांद्याला समांतर किंवा जरा वर हवी. उन्हाळ्यापासनं उंच झालाय पोरगा, तेही त्याच वेळी बघून घे.

झालं बघ, शिकवणी सुरू झाली माझी. माफ कर. आई चष्म्यावरनं बघतेय आणि हसतेय.

तू म्हणालीस, 'तुम्ही मला स्कूटरवर पुढं उभी करून जोतिबाला नेत होता, तेव्हा कुठला पट्टा होता?' नव्हता. घाटात तू हँडलला दोन्ही हातांनी धरायचीस, गुलालानं तोंड लाल, आणि 'आबा, जोरात!' म्हणून ओरडायचीस. उतरताना झोपायचीस, मग आईच्या मांडीवर. तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि आता हायवेला काय आहे, तूच बघतेस. सहापदरीच्या कामात डायव्हर्शन कुठं येईल सांगता येत नाही. 2019 पासनं 14 वर्षांखालचं पोर पट्ट्याशिवाय बसवलं तर 1000 रुपये दंड आहे. दंडाचं मला काय, पण कायद्यालाही ते कळलंय एवढंच म्हणतो.

शेंडा पार्कच्या रस्त्यावर तू गाडी शिकलीस तेव्हा मी शेजारी बसून पाय दाबत होतो, माझ्या बाजूला ब्रेक नसताना. आणि परवा तू एकटी पोराला घेऊन खंबाटकी उतरून आलीस. गल्लीत सगळ्यांना सांगून आलो. तुला सांगायचं राहिलं.

पीळ परत पडतो तो वाटेत. कराडला चहाला थांबता, शंभूला काढता, घाईत परत बसवता, तिथंच. उतरवताना आधी पट्टा ढिला करायचा, दोन्ही पट्टे सीटच्या बाहेरच्या बाजूंना टाकायचे, तो त्यावर बसणार नाही असे. बसवल्यावर कमरेपासनं खांद्यापर्यंत एक बोट फिरवायचं. सीट रिकामी असली तरी बकल लावून ठेवायचं, मग जीभ फिरत नाही. पुण्यात थंडी पडली असेल. आईनं विणलेला स्वेटर पातळ आहे, तो चालेल. ते फुगीर जॅकेट मात्र पट्ट्याच्या आत नको, ते दबतं आणि पट्टा ढिला पडतो. पट्टा लावून झाल्यावर वरनं शाल घाल.

आईचा गुडघा बरा आहे. चटणीचा डबा वहिनीकडं दिलाय, त्या रविवारी येतायत. प्रशांतरावांना नमस्कार, शंभूला पापा.

तुझे,
आबा

ता. क. दोन पायांच्या मधनं वर येतो तो पट्टाही खालनं बघ. तोही पीळ खातो आणि शंभू त्यावरच बसलेला असतो, म्हणून दिसत नाही.