नारळीच्या बनातला मॉल

होनोलुलू, 4 मे

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

मागे फोनवर तू विचारलंस, ‘आई, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आदिवासी गाव उभं करायचंय. झोपडी, फुंकून वाजवायचा तारपा, फोटो काढायला एक वारली भिंत. तू इतकी वर्षं तिकडे पाड्यावर शिकवलंस, सांग ना काय काय ठेवू?’ मी म्हटलं, लिहून कळवते. खरं म्हणजे मला तेव्हा काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर नुसता घसा दाटून आला. मग गेल्या मंगळवारी ताईने मला एका ठिकाणी नेलं आणि काय सांगायचं ते कळलं. म्हणून हे पत्र.

ताईच्या मानोआच्या घरून बस धरून आम्ही वायकिकीला उतरलो. कलाकौआ अव्हेन्यू हा तिथला मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना घड्याळांची, पर्सांची, चपलांची झगमगीत दुकानं. त्यात रॉयल हवाईयन सेंटर नावाचा चार मजली मॉल आहे, 3,10,000 चौरस फुटांचा. मी ताईला म्हटलं, मला कशाला आणलंस, मला काही घ्यायचं नाही. ती म्हणाली, आत तर चल.

आत मधोमध उघडं आकाश, हिरवळ आणि उंच उंच नारळी. या जागेचं जुनं नाव हेलुमोआ. दंतकथा अशी, की एका कोंबड्याने इथली जमीन उकरून काकुहिहेवा नावाच्या राजाला खूण दाखवली आणि त्याने इथे नारळ लावले. पुढे ते वाढत दहा हजार झाडांचं बन झालं. 1795 मध्ये ओआहू बेट जिंकणाऱ्या पहिल्या कामेहामेहा राजाचा तळ याच बनात पडला होता. आता त्या बनातली थोडीच झाडं उरलीत, पण नाव टिकलंय, आणि तिथली माणसं ते घेतात.

हिरवळीजवळ एका बाईचा ब्राँझचा पुतळा आहे, हातात पुस्तक, शेजारी लहान मुलगी. ही राजकन्या बर्नीस पौआही बिशप, जन्म 1831 चा. गोवर, देवी असल्या बाहेरून आलेल्या साथींनी तिच्या डोळ्यांदेखत तिची माणसं पटापट मेली. 1872 मध्ये पाचव्या कामेहामेहाने मरताना तिला गादी देऊ केली, ती तिने घेतली नाही. 1884 मध्ये ती गेली तेव्हा तिच्या नावावर पावणेचार लाख एकर जमीन होती. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, यातून शाळा काढा. 1887 मध्ये शाळा निघाली. तीच ही कामेहामेहा स्कूल्स, आज हवाईतली सगळ्यात मोठी खासगी जमीनदार संस्था, आणि प्रवेश देताना मूळ हवाईयन मुलांना आधी घेणारी. समीर, हा मॉल ज्या जमिनीवर उभा आहे ती त्या शाळांची आहे. त्या घड्याळाच्या दुकानाच्या भाड्यातून मुलं शिकतात. हे ऐकून मी त्या पुतळ्यापाशी बराच वेळ उभी राहिले. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला दुसरं काय आवडणार!

तिथे फुकट शिकवण्या असतात. हुला नाच, उकुलेले, हालाच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचं विणकाम आणि लेई, म्हणजे फुलांची माळ. आधी येईल त्याला जागा. आम्ही लेईला बसलो. शिकवायला साठी ओलांडलेल्या बाई होत्या. इथे वडीलधाऱ्या बाईला परकी माणसंसुद्धा ‘आंटी’ म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. शिकवणाऱ्याला म्हणायचं ‘कुमू’. प्रत्येकासमोर पांढऱ्या चाफ्याची पन्नासेक फुलं आणि वीतभराहून लांब पोलादी सुई. देठाचा चीक बोटांना लागतो, मग फूल बोटालाच चिकटून येतं आणि पाकळी फाटते. आंटी माझ्याजवळ आल्या आणि माझं बोट धरून दाखवलं, सुई देठातून वर नेऊन फुलाच्या बरोबर मधून काढायची, आणि दोऱ्यावर सरकवताना पाकळीला हात लावायचा नाही, देठाशी धरून ढकलायचं. दहाव्या फुलानंतर जमायला लागलं. एका तरुणाने त्यांच्यासोबत फोटो मागितला तर त्या म्हणाल्या, ‘आधी माळ पुरी कर.’ तो मुकाट्याने खाली बसला आणि त्याने माळ पुरी केली. मला हेच सगळ्यात आवडलं. तिथे आंटी मालकीण होत्या आणि आम्ही सगळे पाहुणे.

माळ झाल्यावर त्यांनी नियम सांगितले. ज्याने लेई घातली त्याच्यासमोर ती काढायची नाही. गरोदर बाईला बंद माळ घालायची नाही, टोकं मोकळी ठेवायची. आणि सुकल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, झाडाखाली ठेवायची, जिथून आली तिथे. मी ताईला म्हटलं, अगं, हे तर निर्माल्य! ताईने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा आंटींनी मला विचारलं, तुमच्याकडे माळ कशी करतात? मी सुई बाजूला ठेवून नुसत्या दोऱ्याच्या फासात देठ अडकवत गजरा करून दाखवला. त्यांनीही सुई ठेवली आणि चार फुलं तशी बांधून पाहिली. ‘गजरा’ हा शब्द तीन वेळा म्हणून घेतला. मग म्हणाल्या, हा चाफा काही मूळचा आमचा नाही, 1860 मध्ये हिलेब्रांड नावाच्या जर्मन डॉक्टराने आणला, पण आता आमचाच झालाय. तसा तर तो आपलाही नाही, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडूनच आपल्याकडे आलाय, आणि आपण त्याला देवचाफा म्हणतो. इथे 1 मे हा लेईचा दिवस असतो, 1928 पासून. आपल्या महाराष्ट्र दिनाला इथे गल्लोगल्ली माळा!

मला तिथेच आपल्या त्या चौघी आठवल्या. तू दहावीत होतास, तुला फारसं ठाऊक नसेल. मुंबईतल्या एका मॉलने ‘आदिवासी सप्ताह’ करायचा म्हणून पाड्यावरच्या चार बायका मागितल्या आणि मी भोळेपणाने त्यांना घेऊन गेले. सरकत्या जिन्याच्या आणि अत्तरांच्या दुकानाच्या मधल्या फरशीवर त्यांना बसवलं. वरून एसीचा गार झोत थेट अंगावर. लिफ्ट सामानाची वापरायची, असं रखवालदाराने पहिल्याच दिवशी बजावलं. आणि पिसांचे मुकुट आणले होते डोक्यावर घालायला! वारली बाई कधी पिसांचा मुकुट घालते का रे? दिवसभर चहाच्या मगांवर माणसांची चित्रं काढायची, ते विकले जायचे, यांना हातात रोजंदारी. तिसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, आज भिंतीवर तो चौक काढा, छान दिसतो. त्यांच्यातली थोरली उठून उभी राहिली आणि तिने मला विचारलं, ‘बाई, लगीन कोणाचं हाय?’

मला उत्तर देता आलं नाही. मॅनेजरला तर प्रश्नच कळला नाही. लग्नचौक हा लग्नाचा असतो. सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, मध्ये पालघाट देवी बसते, आणि त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. तो काढायचा म्हणजे कुणाचं तरी लग्न असलं पाहिजे. ती खाली बसली नाही. संध्याकाळच्या गाडीने आम्ही पाचहीजणी परत आलो. राहिलेल्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत.

तुला वाटेल, आई चित्र विकायच्याच विरुद्ध आहे. तसं नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी कागदावर, कापडावर काढलं, जगभर गेले, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्यामुळे कितीतरी घरांत हातात ब्रश आला. वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मशे काय काढायचं ते स्वतः ठरवत होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. ती आठवली इथल्या भाषेची गोष्ट ऐकून, म्हणून आधी ती सांगते. हवाईचं राज्य 1893 मध्ये उलथवलं गेलं, राणी लिलिउओकलानीला उतरवलं. 1896 च्या कायद्याने शाळांतली भाषा इंग्रजी झाली, आणि हवाईयन बोललं म्हणून मुलं शिक्षा भोगायची. 1983 च्या सुमारास ती भाषा बोलणारी पन्नास मुलंही उरली नव्हती. तेव्हा काही आईबाप आणि शिक्षक एकत्र आले, पुनाना लेओ म्हणजे ‘भाषेचं घरटं’ नावाची संस्था काढली, आणि 1984 मध्ये कौआई बेटावर पहिली बालवाडी उघडली. घरात आजी बोलते ती भाषा मुलांच्या कानावर पडू द्यायची, एवढंच. आज त्यातून शिकलेली मुलं स्वतः शिक्षक झालीत. ताई हे सांगत होती आणि मला माझी लाल शाई दिसत होती. चौथीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘कणसरी घरात आली.’ कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. भात घरात आला की देवीच घरात आली. मी ते खोडून वर लिहिलं, ‘पीक घरात आले.’ त्या मुलीने मान खाली घालून दुरुस्ती उतरवून घेतली. तिच्या वहीत किती सुंदर वाक्य होतं, आणि मी ते खोडलं! ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. मी आले की तिला भेटणार आहे.

इथेही सगळं गोड नाही, हे तुला सांगायलाच हवं. वायकिकी म्हणजे उसळतं पाणी. इथे पूर्वी ओढे होते, अळूची आणि भाताची खाचरं होती, मासळीची तळी होती. 1921 ते 1928 मध्ये आला वाय कालवा खणून ते सगळं पाणी काढलं आणि भराव घातला, त्यावर ही हॉटेलं. इथे राहणं इतकं महाग झालंय, की 2020 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त मूळ हवाईयन हवाईच्या बाहेर राहत होते. मॉलमधल्या एका हिरवळीने ते भरून येत नाही. आंटीसुद्धा रोज लांबून बसने येतात.

अळूचं ऐकून तुला गंमत वाटेल. आपला अळू तोच इथला कालो. त्यांची कथा अशी, की आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं. ते पुरलं तिथे अळू उगवला. दुसरं मूल झालं ते माणूस, हालोआ. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्याने खाऊ घालायचं, धाकट्याने निगा राखायची. कंदाला फुटणाऱ्या पिल्लाला ते ‘ओहा’ म्हणतात, आणि त्यावरूनच कुटुंबाला ‘ओहाना’. पोई मी खाल्ली, कंद वाफवून कुटून केलेली, जरा आंबूस. आपल्या फदफद्याची आठवण काही जाईना.

आता तुझ्या तिसऱ्या मजल्याचं. समीर, नकाशा काढायच्या आधी डहाणू-तलासरीला जा. एक दिवस नाही, चार-पाच दिवस जा. 1945 मध्ये याच तलासरीच्या झरी गावात वारल्यांनी ठरवलं होतं की यापुढे वेठ करायची नाही, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. तिथल्या माणसांना ‘नाही’ म्हणायचं माहीत आहे, ते ऐकून घे. झोपडी बांधायची का, हे त्यांना विचार. चौक काढायचा नाही असं त्या म्हणाल्या तर तो तुझ्या कागदावरून पुसून टाक, मालक कितीही म्हणो. येणाऱ्या बायकांना उंच बैठक दे, त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लाव, येण्याजाण्याला पुढची लिफ्ट दे. पैसे पाड्यावरच्या बचत गटाच्या खात्यात जातील, असं करारात लिहून घे, तोंडी नको. शिकवायचं असेल तर त्या शिकवतील, त्यांच्या भाषेत, आणि ज्याला शिकायचं आहे तो खाली बसेल. तारपा वाजवायचा तर वाजवणाऱ्याला मध्ये उभं राहायला आणि भोवती फेर धरायला जागा लागते. नाचताना तारप्याकडे पाठ करत नाहीत, म्हणून तो कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवू नकोस.

मालकाला हे पटणार नाही, मला कळतं. तुझी नोकरी आहे, घराचा हप्ता आहे. तरी एकदा मोठ्याने म्हणून बघ. त्याने नाही म्हटलं तर काम सोडायचं की नाही, ते तू ठरव. मी तुला त्यावरून काही बोलणार नाही.

माझी लेई दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या. दोरा सोडवला आणि फुलं ताईच्या अंगणातल्या आंब्याखाली ठेवली.

मी 20 तारखेला पहाटे मुंबईत उतरते. विमानतळावर यायची धावपळ नको, टॅक्सी करीन. त्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी काढ, तलासरीला मीही येते, थोरली अजून आहे. आणि परसातला अळू उपटू नकोस, बाजूला पिल्लं आली असतील. आल्यावर फदफदं करते, शेंगदाणे घालून, तुला आवडतं तसं.

सूनबाईला आशीर्वाद. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई