दीड महिन्याच्या बाळाचं संध्याकाळचं रडणं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय, नातू दुसऱ्या महिन्यात आहे. सव्वा महिना झाला तशी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि नेमकं तेव्हाच त्याचं संध्याकाळचं रडणं वाढलं. दिवेलागणीला जे सुरू होतं ते पार नऊ-साडेनऊपर्यंत, पाय पोटाशी घेतो, मुठी आवळतो, तोंड लालबुंद, पाजायला घेतलं की दोन घोट पितो की परत सोडून रडतो. मग जो येईल तो तेच, "दूध पुरत नसणार गं हिचं, वरचं सुरू करा." एकीने तर गुटी उगाळायला सहाणच मागितली. पोरगी रडकुंडीला आली अगदी.

अहो, या वयात बहुतेक बाळांचं रडणं वाढतंच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप उतरतं. ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ सालीच हे नोंदवलंय. दूध पुरतंय की नाही ते रडण्यावरून नाही, लंगोटांवरून आणि वजनावरून कळतं. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, मग उगाच पावडरचा डबा आणायचा नाही, कारण वरचं पाजलं की बाळ अंगावर कमी ओढतं आणि मग खरंच दूध कमी होतं.

आणि याच महिन्यात किती काय सुरू होतं! आपल्याकडे बघून हसायला लागतं, रात्रीची एखादी झोप जरा लांबते. दिवस कुठला न रात्र कुठली हे बाळाला हळूहळू कळायला लागतं, तिसऱ्या महिन्याच्या आसपास ही घडी जास्त बसते, म्हणून दिवसा खिडक्या उघड्या, घरात नेहमीचा आवाज आणि रात्री पाजताना मंद दिवा, गप्पा नाहीत, मोबाईल नाही. एवढंच करायचं. घड्याळ लावून टाइमटेबल बसवायला जाऊ नये, ते या वयात बसत नाही. मात्र ताप आला, बाळ दूधच ओढेना, मलूल पडलं तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. आणि कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, त्याला पाळण्यात ठेवून आपण दोन मिनिटं बाहेर जावं, ते चालतं.

आता मुद्दा. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात, म्हणजे आई सगळ्यात जास्त गोंधळलेली असते तेव्हाच घरी कोणी येत नाही. पण दीड महिन्याच्या लसीला तर सगळेच बाळाला घेऊन जातात ना! तिथे सुई कुठे दिली, ताप आला तर काय करायचं हे सांगतात, तेव्हाच रडण्याबद्दलही दोन वाक्यं सांगावीत, आईला आणि सोबत आलेल्या आजीलाही, कारण वरचं दूध सुरू करायचं की नाही ते घरात आजीच ठरवते. आरोग्य खात्याने एवढं करावं ही कळकळीची विनंती, आणि आपल्या पुरवणीत एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं.

आपली,
एक आजी, सांगली