भाजी-चीजचा पाव का गिच्च होतो

पुणे,
१२ जानेवारी

प्रिय सुमे,

पत्र मिळालं. तुझा भाजी-चीजचा पाव वरून खरपूस, मधे गिच्च, चीजभोवती पोकळी. यीस्टला उगाच दोष देऊ नकोस, ओव्हनलाही नको. ‘पीठ फुगून आल्यावर सैल वाटलं म्हणून दोन मुठी मैदा घातला’ असं जाता जाता लिहिलंयस ना, तिथेच घोळ आहे.

कांदा, सिमला मिरची, गाजर तू कच्चंच पिठात मळलंस. पिठातलं मीठ तासाभरात भाजीतलं पाणी ओढून काढतं. मळताना छान घट्ट असलेला गोळा मग हाताला चिकटायला लागतो. वरून टाकलेला मैदा तेव्हा नीट मुरत नाही, भाजीच्या आसपास कोरड्या गुठळ्या राहतात, आणि पाणी जिथल्या तिथे राहून मधला भाग कच्चा ठेवतं.

म्हणून आधी भाजी. एक कांदा, एक सिमला मिरची, एक गाजर आणि अर्धी वाटी मक्याचे दाणे, सगळं मिळून साधारण २५० ग्रॅम. मक्याच्या दाण्याएवढं बारीक चीर. पाव कापताना मोठा तुकडा सुरीखाली ओढला जातो आणि काप फाटतो. चमचाभर तेलावर, चिमूट मीठ सुरुवातीलाच घालून, मोठ्या आचेवर परत. मीठ आधी घातलं की पाणी कढईतच सुटतं आणि तिथेच आटतं. चुरचुर आवाज बंद होऊन भाजी कढईला लागायला आली की उतरव. झाकण अजिबात नको! ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे. गरम भाजी गोळ्यात गेली तर चीज आधीच पाघळतं. पालक घालायचा असेल तर वाफवून मुठीत घट्ट पीळ. लसूणही परतूनच, कच्चा ठेचलेला घातला तर यीस्ट मंदावतं.

पिठासाठी मैदा ३५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, कोमट पाणी २०० मिली. मीठ मुद्दाम कमी सांगतेय, चीज खारट असतं. पाणी बोटाला सुखद वाटेल इतपतच कोमट हवं, कढत पाण्यात यीस्ट मरतं. १० मिनिटं चांगलं तिंब. लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी ताणलास की पापुद्रा होऊन पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. त्याआधीच फाटला तर आणखी मळ. थोडी कणीक घालायची असेल तर १०० ग्रॅम मैद्याच्या जागी घाल आणि पाणी दोन चमचे वाढव, कणीक जास्त पाणी पिते.

गोळा दुप्पट व्हायला मे महिन्यात पाऊण तास पुरतो, सध्याच्या थंडीत दीड-दोन तास लागतील. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं पातेलं शेजारी ठेव, ओव्हन चालू करू नकोस. घड्याळाकडे नको, गोळ्याकडे बघ.

आता पोकळीचं. मोझरेला वितळून पसरतं आणि जिथे होतं तिथे भोक राहतं. प्रोसेस्ड चीजचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे बऱ्यापैकी आपला आकार धरून राहतात. १०० ग्रॅम बास, जास्त घातलंस तर पाव जड होतो. फुगलेला गोळा ओट्यावर हाताने चपटा कर, भाजी-चीजचा तिसरा हिस्सा पसर, पाकिटासारखी घडी घाल, असं तीनदा. पोळीसारखं लाटून गुंडाळी केलीस तर थर सुटतात. शेवटी शिवण खाली ठेवून तेल लावलेल्या ९ बाय ५ इंचांच्या टिनमध्ये घाल. वर डोकावणारं चीज आत दाब, नाहीतर जळून कडू लागतं.

टिनमध्ये पुन्हा फुगू दे. गोळा टिनच्या काठाच्या बोटभर वर आला, आणि बोटाने दाबलेला खड्डा सावकाश, अर्धवटच भरला, की भाजायला घे. खड्डा टुणकन भरून आला तर अजून थांब. ओव्हन २०० अंशांवर आधी १५ मिनिटं तापव, मग १९० वर ३५ ते ४० मिनिटं. ओटीजीत (वर-खाली तापणारे रॉड असलेल्या छोट्या ओव्हनमध्ये) टिन खालच्या कप्प्यात ठेव आणि २० मिनिटांनी वर फॉइल घाल, कारण वरचा रॉड आत शिजायच्या आधीच रंग आणतो. नुसत्या रंगावर विसंबलीस म्हणूनही तुझा पाव फसला. टिनमधून काढून बुडाला टिचकी मार, पोकळ आवाज आला पाहिजे. सुरी खुपसून बघू नकोस, तिला चीज चिकटतं आणि काही कळत नाही. थर्मामीटर असेल तर मध्यभागी, चीजचा तुकडा टाळून, ९५ अंश.

टिनमधून लगेच जाळीवर काढ, नाहीतर बूड घाम धरून ओलं होतं. आणि तासभर कापू नकोस. मला माहीत आहे ते कठीण आहे, पण गरम पाव कापला तर चांगला भाजलेलाही गिच्च दिसतो.

भाजी असल्यामुळे बाहेर एकच दिवस ठेव. फ्रिजमध्ये तो लवकर वातड होतो. त्यापेक्षा काप करून फ्रीझरमध्ये टाक, हवे तेवढे काढून थेट तव्यावर शेक. सोबत सॉस नको, हिरवी चटणी कर, लिंबू जरा जास्त पिळून.

तुझी,
मीना