पेनाच्या तिकिटावरची वेळ बागेच्या फाटकाची नसते

महोदय,

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की पर्यटन पुरवण्यांमध्ये लिस्बनचा कार्यक्रम छापून येतो आणि त्यात एक ओळ हमखास असते: 'अर्ध्या दिवसात सिंत्रा, पेना राजवाडा, काबो द रोका आणि कश्काइश.' या ओळीवर विसंबून गेलेली माणसे वीसेक युरोंचे तिकीट हातात असूनही राजवाड्याच्या दारातून परत फिरतात. पेना हा पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाच्या डोंगरावरचा राजवाडा; काबो द रोका हे अटलांटिक किनाऱ्यावरचे भूशिर आणि कश्काइश हे किनाऱ्यावरचे गाव. एकट्या पेनालाच अख्खी सकाळ द्यावी लागते. का, ते सविस्तर लिहितो.

आत जाण्याचे तिकीट तारीख आणि वेळ ठरवून मिळते. गर्दीच्या दिवसांत सोयीच्या वेळा आधीच संपतात, म्हणून ते ऑनलाइन काढून ठेवावे. तिकिटावर छापलेली वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे आणि त्याला अर्धा तास धरावा लागतो. उशीर झाला तर सवलत नाही. साडेदहाची वेळ असलेला माणूस दहा पंचवीसला फाटकावर पोचला, तर त्याची वेळ गेलीच म्हणायची. फाटकापासून वर नेणारी छोटी बस आहे, तिचे पैसे वेगळे. गुडघे दुखणाऱ्यांनी ते खुशाल द्यावेत, पण तिथेही रांग असते. फक्त बागेचे तिकीटही मिळते, मात्र त्यावर राजवाड्याची दालने पाहता येत नाहीत. स्वस्त दिसले म्हणून ते घेणारे बरेच जण वर जाऊन हिरमुसतात.

राजवाडा साडेनऊला उघडतो, म्हणून पहिलीच वेळ घ्यावीशी वाटते. बसने जाणाऱ्याला ती गाठताना फार ओढाताण होते. साडेदहाची घ्यावी आणि आठच्या सुमारास लिस्बनच्या रोसिओ स्थानकातून निघावे. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दोन कमानी दिसल्या की तेच स्थानक, फलाट मात्र वरच्या मजल्यावर. गाडी सुटताच अडीच किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते आणि चाळीसेक मिनिटांत सिंत्राला पोचते. आपल्या विरार-कर्जतसारखीच ही उपनगरी लोकल. सकाळची गर्दी लिस्बनकडे येणारी असल्याने उलट दिशेला बसायला जागा मिळते. शेवटच्या स्थानकावरच उतरावे. त्याच्या अलीकडे 'पोर्तेला द सिंत्रा' येते आणि पाटीवरचे सिंत्रा वाचून लोक तिथेच उतरतात.

भाड्यासाठी 'नावेगांते' नावाचे कार्ड घेऊन त्यात पैसे भरायचे. माणशी एक कार्ड लागते. एकच कार्ड चौघांसाठी लावता येत नाही. पर्यटकांचे 'लिस्बोआ कार्ड' या लोकलला चालते, पण डोंगरावर नेणाऱ्या ४३४ क्रमांकाच्या बसला चालत नाही. ती बस खासगी कंपनीची आहे.

ही ४३४ स्थानकाबाहेरून सुटते आणि गाव, मूरांचा (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचा) जुना किल्ला, पेना असा एकाच दिशेने फेरा मारते. गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटे फोटोंत घालवली की बसच्या रांगेत पन्नास माणसे पुढे गेलेली असतात. चौघे असतील तर टॅक्सी फार महाग पडत नाही. भाड्याची मोटार घेऊन मात्र जाऊ नये, कारण डोंगरावरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना मनाई आहे आणि गावात जागा मिळत नाही. गावातून पायी चढायला तासभर लागतो.

आता राजवाड्याविषयी. तो जर्मनीच्या बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन या किल्लेवजा राजवाड्याची नक्कल असल्याचे सर्रास सांगितले जाते. ते साफ चूक आहे. नॉयश्वानस्टाइनचे काम १८६९ मध्ये सुरू झाले, तोवर पेना उभा राहिलेला होता. पोर्तुगालची राणी मारिया दुसरी हिचे जर्मन पती फर्नांडो यांनी १८३८ मध्ये डोंगरावरचा पडका मठ विकत घेतला आणि एश्वेगे या खाणतज्ज्ञाच्या हाती बांधकाम सोपवले. तांबडा भाग म्हणजे जुना मठ, पिवळा भाग नवा महाल. एवढे ध्यानात ठेवले तरी सगळी इमारत वाचता येते. ट्रायटनच्या कमानीखाली जरा थांबावे. शिंपल्यावर बसलेला, खवल्यांच्या पायांचा हा अर्धा मासा, अर्धा माणूस डोक्यावर सज्जाची खिडकी पेलतो आणि त्याच्या केसांतून वेली फुटलेल्या आहेत. आतली वाट एकेरी आणि अरुंद आहे. रांग मुंगीच्या पावलांनी सरकते, त्यामुळे मागे वळून पुन्हा पाहू म्हटले तर जमत नाही. मठाच्या चौकातल्या फरशा आणि प्रार्थनागृहातली अलाबास्टर या मऊ, पांढुरक्या दगडाची वेदी पहिल्याच फेरीत नीट पाहून घ्यावी.

अटलांटिकवरून येणारे धुके भर उन्हाळ्यातही सगळा राजवाडा गिळते. लिस्बनला घाम येत असला तरी वर वारा झोंबतो, म्हणून जाकीट आणि पकड असलेले बूट हवेतच, ओले दगड फार घसरतात. वणव्याचा धोका वाढला की डोंगरावरच्या बागा आणि रस्ते सरकारी आदेशाने बंद होतात. निघण्याआधी त्या दिवसाची सूचना जरूर पाहावी.

पाहून झाल्यावर आलेल्या वाटेने परतू नये. बागेतून तळ्यांच्या दरीने उतरावे. खालच्या फाटकातून बाहेर पडले की मूरांचा किल्ला जवळच आहे. पायांत बळ उरलेच तर दुपारी किंता दा रेगालेइरा ही जुनी हवेली आणि तिची बाग पाहावी, तिथली सत्तावीस मीटर खोल विहीर सुंदर आहे. काबो द रोका दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

कागदपत्रांच्या कामासाठी लिस्बनला येणाऱ्या गोमंतकीयांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेगालेइराच्या पुढे पेन्या वेर्द ही जुनी इस्टेट लागते. ती गोव्यात १५४८ मध्ये वारलेले पोर्तुगीज व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो यांची. सोमनाथ-पाटणहून आलेला, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला संस्कृत शिलालेख सिंत्रात याच इस्टेटीत होता आणि अभ्यासक त्याला 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणूनच ओळखतात. मराठी मार्गदर्शिकांत याचा उल्लेख नसावा, हे फार खटकते.

पुढच्या वेळी पुरवणीत पेनाचे छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली निदान तिकिटाची वेळ आणि फाटकापासूनचा अर्धा तास, एवढी चौकट जरूर द्यावी ही विनंती.

– एक वाचक, लिस्बन