शिट्टीबरोबर कारणही ऐकू येऊ द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रेफ्रीची चूक आम्ही प्रेक्षक एक वेळ पोटात घालतो. पण कारण न सांगता दिलेला निर्णय पचत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका फुटबॉल स्पर्धेत हे डोळ्यांदेखत घडलं. पहिल्या हाफमध्ये बचावपटूच्या दंडाला बॉल लागला, रेफ्रीने 'खेळा, खेळा' अशी खूण केली. दुसऱ्या हाफमध्ये पलीकडच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात, बॉल हाताला लागला आणि सरळ पेनल्टी. मग व्हायचं तेच झालं. दहा-पंधरा जण रेषा ओलांडून आत घुसले. एका पोराने मोबाईलवरची क्लिप थांबवून ती लाइन्समनच्या नाकासमोर धरली. पाऊस लागून स्क्रीन दिसेना, तेव्हा शर्टाने पुसून पुन्हा धरली. लाइन्समन वयाने त्याच्याएवढाच. त्याने आईबहिणीवरच्या शिव्या खाल्ल्या, पण झेंडा खाली टाकून तो निघून गेला नाही, याचं मला कौतुक वाटतं. अंधारून आलं तेव्हा कुठे पेनल्टी मारली गेली आणि परतताना जो तो म्हणत होता, रेफ्री विकला गेला.

आता नियम बघा. हात अंगालगत असेल आणि बॉल येऊन आदळला, तर तो फाऊल नाही. हात अंगापासून लांब नेऊन खेळाडूने अंगाचा आडोसा वाढवला असेल, तर मुद्दाम केलं नसलं तरी फाऊल. काखेच्या रेषेच्या वर, खांद्याला लागला तर तो हातच धरत नाहीत. त्या दिवशी मी डीच्या बाजूलाच होतो. पहिल्या वेळी त्या पोराचा दंड बरगडीला चिकटलेला होता, दुसऱ्या वेळी कोपर पार बाहेर. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. पण रेफ्री बोट दाखवून मोकळा झाला आणि 'हात अंगापासून लांब होता' हे चार शब्द कोणाच्याच कानावर पडले नाहीत. ते पडले असते तर निम्मी माणसं तरी जागची हलली नसती.

व्हीएआर, म्हणजे वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओवर निर्णय तपासणारा रेफ्री, आला की सगळं सुटेल, असं पोरांना वाटतं. 2018 च्या विश्वचषकापासून तो आपण टीव्हीवर बघतो. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड, अशा ठरावीक बाबतींतच तो बोलतो, तेही चूक उघड आणि ठळक असेल तर. 'ठळक' कशाला म्हणायचं, हे शेवटी खोलीत बसलेला माणूसच ठरवतो. म्हणून या शनिवारी जी पेनल्टी मिळते, ती पुढच्या शनिवारी मिळत नाही. 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा चोख गोल ऑफसाईड ठरला. कॅमेऱ्याला तो बरोबर दिसला होता. पण मैदानावर गोलच दिलाय, अशा समजुतीत व्हीएआरवाल्याने 'तपासणी पूर्ण' म्हणून कळवलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि नियमाप्रमाणे मागे जाता येईना. पुढे ते संभाषण प्रसिद्ध केलं, तेव्हा घोटाळा नेमका कुठे झाला ते जगाला कळलं. चीड गेली नाही, पण संशयाला जागा उरली नाही.

आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) तर व्हीएआर नव्हताच. सीमाभागात बंगळूरचे चाहते आहेत तसे गोव्याचेही. चोर्ला घाट उतरून फातोर्ड्याला मॅच बघून येणारे तर गल्लोगल्ली भेटतील. 3 मार्च 2023 ची बंगळूरच्या कंठीरवा मैदानावरची मॅच यांच्यापैकी कोणीही विसरलेला नाही. जादा वेळेत बंगळूरच्या सुनील छेत्रीने केरळच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली, रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला आणि केरळचे प्रशिक्षक वुकोमानोविच संघ घेऊन बाहेर गेले. क्लबला चार कोटींचा दंड, प्रशिक्षकांना दहा सामन्यांची बंदी. संघ बाहेर नेणं चूकच होतं. पण मूळ वाद एवढाच होता की, शिट्टी होईपर्यंत थांब असं रेफ्रीने छेत्रीला सांगितलं होतं की नव्हतं? हे कोणत्या कॅमेऱ्यात दिसणार? ती कानाने ऐकायची गोष्ट. रेफ्रीच्या गळ्याशी माईक असता आणि तो आवाज सगळ्यांना ऐकवला असता, तर त्याच रात्री निकाल लागला असता.

पंधराच दिवसांनी फातोर्ड्यावर बंगळूर-मोहन बागान फायनल. मोहन बागानला 85व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. फाऊल डीच्या बाहेर होता, असं बंगळूरवाल्यांचं म्हणणं. सामना 2-2 झाला आणि टायब्रेकरवर बंगळूरच्या हातून कप गेला. 3 तारखेला 'रेफ्रीचा शब्द अखेरचा' म्हणणारे माझे मित्र 18 तारखेला व्हीएआर मागत होते. त्यांना दोष देत नाही. आपल्यावर आलं की माणूस असाच बोलतो, म्हणून तर कारण उघडपणे सांगायची पद्धत हवी.

11 जून 2024 ला दोह्यात मात्र भारतावर खरोखर अन्याय झाला. कतारविरुद्ध 1-0 ने पुढे असताना 73व्या मिनिटाला बॉल गोललाइनच्या बाहेर गेला होता, तो आत ओढून गोल केला गेला आणि तो धरला गेला. विश्वचषक पात्रता फेरीच्या त्या टप्प्यात व्हीएआर नव्हता. 2-1 ने हरलो, पुढची फेरी गेली. इथे कॅमेरा हवाच होता, यात दुमत नाही.

पूर्ण व्हीएआरला पैसा लागतो, मान्य. पण फिफाने 2024 मध्ये महिलांच्या 20 वर्षांखालील विश्वचषकात एक स्वस्त पद्धत वापरून पाहिली. प्रशिक्षकाने दोनदा दाद मागायची, रेफ्रीने स्वतः स्क्रीनवर बघून ठरवायचं. व्हीएआरची वेगळी खोली नाही की तिथे बसणारी माणसं नाहीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ही आपल्या लीगसाठी मनावर घ्यावी. आणि 2023 च्या महिला विश्वचषकात रेफ्री जसा तपासणीनंतरचा निर्णय माईकवरून सांगत, तसा आपल्याकडेही सांगावा.

आमच्या गावठाणातल्या मैदानांना तर एवढंही नको. माईक तिथे आहेच. देणगीदारांची नावं आणि पाहुण्यांचे सत्कार त्यावरून चालतातच. पेनल्टी, रेड कार्ड किंवा रद्द झालेला गोल असेल तर त्याच माईकवरून कारणाचं एक वाक्य सांगा, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण बघणारे दोन्ही आहेत. रेफ्रीशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने; आंतरराष्ट्रीय नियमावलीही आता हेच सुचवते. हॅण्डबॉल, म्हणजे हाताला बॉल लागल्याचा फाऊल, कसा धरणार, ते सामन्याआधी दोन्ही संघांना बोलावून सांगा. आणि जमावातल्या मोबाईलवर निर्णय बदलणार नाही, हेही त्याच वेळी बजावून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी झेंडा धरायला पोरं मिळायची नाहीत.

आपल्या क्रीडा पानाकडेही एक मागणं आहे. स्थानिक सामन्याच्या बातमीत 'वादग्रस्त पेनल्टी' एवढंच न छापता, ती कोणत्या नियमाखाली दिली ते रेफ्रीला विचारून एका ओळीत द्यावं. या पावसाळी हंगामातल्या पहिल्या स्पर्धेपासूनच सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
टिळकवाडी, बेळगाव